क्ष नावाचा शिंपी

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी. वही मीच बांधलेली आहे. दोनशे पानी, कापडी पाठ, दुहेरी शिवण. म्हणजे निदान बाहेरून तरी काम पक्कं आहे.

कारण काल घडलं. दर रविवारी पाच वाजता आम्ही चौघे प्राध्यापकाच्या गॅलरीत बसतो. प्राध्यापक, डॉक्टर, वकील आणि मी. शाळेत एका बाकावरचे. शेवटच्या परीक्षेला चौघेही बसलो, तिघे पुढे गेले, मी वडिलांच्या बाइंडिंगच्या दुकानात गेलो. तेव्हापासून मला पुठ्ठ्या म्हणतात. लाडानेच म्हणतात. काल लोकशाहीवर काहीतरी चाललं होतं. डॉक्टर मध्येच एक अवघड शब्द बोलला. मी विचारलं, म्हणजे काय? मग वकिलाने माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाला, पुठ्ठ्या, तू चहा घे, निवतोय.

चहा अजिबात निवत नव्हता. जीभ भाजली.

निश्चय: दोन महिन्यांत यांच्या बरोबरीला यायचं. अवघड काय आहे त्यात? तीस वर्षांत हजारेक थिसिस या हातांखालून गेलेत. इतकं ज्ञान हाताळलं म्हणजे थोडंफार अंगात मुरलं असणारच. आता फक्त डोक्यापर्यंत चढवायचं.

५ ऑगस्ट, मंगळवार

पहाटे पाचला उठून पन्नास पानं वाचायची ठरवली होती. जाग आली सात चाळीसला. हिने उठवलं नाही. घरातूनच विश्वासघात सुरू झाला तर माणसाने शिकायचं कसं? ही म्हणते, तीनदा हाका मारल्या, तिन्ही वेळा तुम्ही झोपेतच हो, वाचतोय म्हणालात.

असेलही. पण खरं उठवायचं मनात असतं तर चौथी हाक मारली असती.

६ ऑगस्ट, बुधवार. दुपारी ३

दुकानात जमिनीतल्या क्षारांवरचा थिसिस आला आहे. पहिलं पान समजलं. दुसऱ्या पानावर डोळा लागला. जागा झालो तेव्हा गाल पानाला चिकटला होता, खळ ताजी होती. पान फाटलं. थिसिसवाल्या मुलीला पुन्हा छापून आणावं लागणार. तिला सांगितलं, तुमचं संशोधन मनाला फार चिकटतं. ती हसली नाही. ही शिकलेली मंडळी अशी कोरडीच.

८ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी ११

सापडलं! इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. पानं लावताना प्रत्येक प्रकरणाचं पहिलं आणि शेवटचं पान अनुक्रमणिकेशी ताडून बघायचं. मधलं बघत नाहीत, आकडे बघतात. आज मुद्दाम सात थिसिसची शेवटची पानं वाचली. क्षार, मुंग्या, सहकारी बँका, दमा, सगळ्यांचा शेवट एकच! 'या अभ्यासातील नमुन्याचा आकार लहान आहे' आणि 'या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे.'

म्हणजे विद्वान माणूस अखेर येऊन पोहोचतो तो या दोन वाक्यांवर. मग मधल्या तीनशे पानांत कशाला फरपटत जायचं? मी थेट मुक्कामावर उतरतो.

१० ऑगस्ट, रविवार. रात्री ८

जिंकलो.

वकील निवडणुकांवर बोलत होता. मी थोडा वेळ थांबलो, चष्मा काढला, पुसला आणि म्हणालो, यावर अधिक संशोधनाची गरज आहे. तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुंग्यांचा विषय मीच काढला. मुंग्यांत कामाची वाटणी असते, राणी स्वतः काही काम करत नाही. वकील म्हणाला, आमच्या घरीही तसंच आहे. हशा झाला, पण विषय माझा होता!

आणि मुख्य गोष्ट म्हणजे प्राध्यापकाने खिशातून छोटी वही काढून माझं वाक्य लिहून घेतलं. मी तारीखही सांगितली. तो म्हणाला, घातली आहे.

११ ऑगस्ट, सोमवार

हिला सांगितलं. हिने विचारलं, काय लिहून घेतलं? म्हटलं, माझे विचार. ही म्हणाली, कशाला? असल्या प्रश्नाला उत्तर नसतं. बायकोला नवऱ्याची किंमत शेवटी कळते, असं म्हणतात. आमच्याकडे अजून सुरुवातही नाही.

१७ ऑगस्ट, रविवार. रात्री ९

थोडं बिनसलं. पण चूक माझी नाही, हे आधी लिहून ठेवतो.

डॉक्टरने पेढ्यासारखा गोड चेहरा करून सांगितलं की मुलीने लग्न ठरवलं. तिच्याच ऑफिसातला मुलगा, तिने स्वतः पसंत केलेला. सगळे अभिनंदन करत होते. मला वाटलं, आपण जरा वेगळं बोलावं. म्हणालो, एकाच मुलावरून निष्कर्ष काढू नये, नमुन्याचा आकार लहान आहे.

डॉक्टर लाल झाला. वकील खोकायला लागला. प्राध्यापकाने मात्र लगेच वही काढली. माझी कदर आहे ती त्या एकालाच.

परत येताना डॉक्टर माझ्या बाजूने चालत होता, पण पलीकडच्या फुटपाथवरून.

१९ ऑगस्ट, मंगळवार

डॉक्टर रागावलाय का ते बघायला दवाखान्यात गेलो, ब्लडप्रेशरच्या निमित्ताने. चाळीस वर्षांची मैत्री आणि मला अकरा पेशंटांच्या मागे बसवलं. आत गेल्यावर मशीन लावलं, आकडा सांगितला आणि वर म्हणाला, एकदाच मोजलं म्हणून निष्कर्ष काढू नकोस, नमुना लहान आहे.

माझी वाक्यं लोक वापरायला लागले. हा प्रभाव!

२४ ऑगस्ट, रविवार

आज दम्यावर बोललो. डॉक्टर असताना दम्यावर बोलायचं म्हणजे काय छाती लागते, ते तिथे बसलेल्यालाच कळेल. पहिलं पान पाठ होतं, शेवटचंही. डॉक्टरने मध्येच विचारलं, मग उपचार काय? उपचार मधल्या पानांत असणार. म्हटलं, तो या अभ्यासाचा विषय नाही.

वहीत नोंद झाली. आता मोजणं सोडलंय.

२९ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी १

मोठा दिवस. प्राध्यापक स्वतः दुकानात आला. त्याचा ग्रंथ पूर्ण झाला! विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे, निवड समितीपुढे ठेवायचा आहे. नाव: 'ज्ञानाचा आभास: अल्पशिक्षितांच्या आत्मविश्वासाचा अभ्यास'. दोनशे दहा पानं. चार प्रती बांधायच्या, निळं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं. एक समितीला, एक डॉक्टरला, एक वकिलाला, एक त्याची स्वतःची.

मी बोटांवर मोजलं. चारच होतात.

पाचवी तो मला गुपचूप देणार असेल. तसाच स्वभाव आहे त्याचा, शाळेतही डबा मला शेवटी द्यायचा.

जाताना म्हणाला, बाहेर कुठे दिलं तर कोण वाचेल, कोण नाही अशी धास्ती असते, तुझ्याकडे द्यायला काळजी नाही, तू थोडाच वाचणार आहेस. व्यवसायातल्या गुप्ततेबद्दलचं हे प्रशस्तिपत्रकच. तेव्हापासून मात्र ते वाक्य उगाच कुठेतरी टोचतंय. पित्त असेल.

३० ऑगस्ट, शनिवार. सकाळी ११.३०

पानं लावली. रीतीप्रमाणे पहिलं आणि शेवटचं पान बघत गेलो, आणि प्रकरण पाचपाशी थबकलो. 'क्ष: एका स्नेह्याचे निरीक्षण'. पान ८९ ते ९७.

पहिल्या पानावर लिहिलंय की क्ष हे व्यवसायाने शिंपी आहेत. वय पन्नाशीचं, स्वभाव आनंदी. सुशिक्षित मित्रांच्या साप्ताहिक बैठकीत ते नियमित येतात आणि कोणत्याही विषयावर ठामपणे मत देतात. शेवटच्या पानावर लिहिलंय, 'आपल्याला काही कळत नाही याची क्ष यांना पुसटशीही जाणीव नाही.'

खूप हसलो. मग हसू थांबलं.

शिंपी! म्हणजे माझ्या शेजारच्या दुकानातला! म्हणजे रविवारखेरीज आणखी एक बैठक आहे आणि तिथे हा कात्रीवाला जाऊन बसतो. आणि मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. चाळीस वर्षांच्या मित्रांनी पाठीमागे दुसरा पुठ्ठ्या ठेवला! याला विश्वासघात नाही तर काय म्हणायचं?

३१ ऑगस्ट, रविवार. रात्री ८.३०

सरळ विचारण्यात मजा नसते. चहा झाल्यावर आडून विचारलं, काय रे, तुझं हल्ली शिंप्याकडे फार जाणं-येणं असतं वाटतं?

वकिलाच्या घशात बिस्किट अडकलं. डॉक्टर कुंड्यांतली झाडं मोजायला लागला. प्राध्यापकाने विचारलं, तू वाचलंस? मी म्हटलं, छे, मी कुठे वाचतो, सहज विचारलं. त्याने सुस्कारा सोडला आणि मला दोन बिस्किटं जास्त दिली.

तिघेही सामील आहेत. माझी खात्री पटली.

१ सप्टेंबर, सोमवार. दुपारी २

शिंप्याला गाठलं. म्हटलं, कुठल्या वारी बसता तुम्ही लोक? त्याने विचारलं, कोण लोक? पक्का आहे. म्हणतो, तुझा प्राध्यापक दोन वर्षांत इकडे फिरकला नाही, त्याची पॅन्ट अजून हँगरला लटकली आहे, भेटला तर सांग घेऊन जा म्हणून. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि भल्यासाठी म्हणून सांगितलं की बाबा रे, ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यावर चार शहाण्यांत बोलू नये. लोक समोर मान डोलावतात आणि मागे हसतात.

त्याने गळ्यातली टेप काढून टेबलावर आपटली. माझं डोकं फिरलंय म्हणाला, आणि मशीन सुरू केलं ते मी बाहेर पडेपर्यंत थांबवलं नाही. रिकामंच चालवत होता, सुईखाली कापड नव्हतं.

बिचारा. पुसटशीही जाणीव नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

शिंप्याच्या बायकोने हिच्याकडे तक्रार केली. हिने मला जाब विचारला. मग सगळं सांगावं लागलं. ही पोळपाट बाजूला ठेवून ऐकत होती. शेवटी विचारलं, ते प्रकरण तुम्ही पूर्ण वाचलंत का? म्हटलं, पहिलं आणि शेवटचं पान. तिने विचारलं, मध्ये किती आहेत? म्हटलं, सात. ही म्हणाली, सात पानं म्हणजे काही डोंगर नाही, वाचा, आणि मग त्या शिंप्याची माफी मागा.

माफी कशाची? पण वाचीन. शिंप्याचे एकेक पराक्रम तरी कळतील.

३ सप्टेंबर, बुधवार. सकाळी १०.४०

वाचायला घेतलं. पान ९१. एका मित्राच्या मुलीच्या लग्नाबद्दल क्ष म्हणाले की नमुन्याचा आकार लहान आहे.

कमाल आहे! शिंपीही हेच म्हणाला? माझं वाक्य बाजारात फिरतंय तर.

१०.५०

पान ९३. दमा. 'उपचार हा या अभ्यासाचा विषय नाही.'

१०.५५

पान ९४. मुंग्या.

संध्याकाळी ७

दुपारी दुकान बंद करून बसलो होतो. आत.

व्यवसाय तेवढा बदललाय. बाकी मी आहे. तारखांसकट आहे. मीच सांगितल्या होत्या तारखा.

मूर्ख म्हणाला याचं दुःख नाही. मूर्ख तर वडीलही म्हणायचे, समोर, मोठ्याने, आणि मग जेवायला वाढायचे. हा मान डोलावत होता. मी बोललो की हा सरसावून बसायचा, मला वाटायचं ऐकतोय. डबा शेवटी द्यायचा म्हणजे उरलेला द्यायचा, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली. आणि पान ९५ च्या तळाशी बारीक टाइपात लिहिलंय, 'माझे डॉक्टर मित्र व वकील मित्र यांनी आपली टिपणे उपलब्ध करून दिली, त्यांचा आभारी आहे.' म्हणजे तेही लिहीत होते. घरी जाऊन लिहीत होते.

पान ९६. 'क्ष मंडळींना हवेसे वाटतात, कारण ते असले की प्रत्येकाला आपण हुशार असल्यासारखे वाटते. ते नसले की बैठक रंगत नाही.'

आणि हे सगळं बांधायला दिलं कोणाकडे? माझ्याकडे. कारण मी थोडाच वाचणार होतो. आणि खरंच, पाच दिवस वाचलं नव्हतं.

हिने जेवायला दोनदा बोलावलं. तिसऱ्यांदा ताट इथे आणून ठेवलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

सूड. रात्रभर तळमळलो, पण सकाळी डोकं साफ आहे.

विचार एक: अब्रुनुकसानीचा दावा. त्याला वकील लागतो. मला एकच वकील माहीत आहे, आणि त्याची टिपणं पान ९५ ला आहेत.

विचार दोन: मनस्तापाचं सर्टिफिकेट. त्याला डॉक्टर लागतो. पुन्हा तेच.

माणसाने निदान एक तरी शिकलेला मित्र या तिघांबाहेर ठेवायला हवा होता.

विचार तीन: सगळी पानं उलटीसुलटी बांधायची. पण मग काम माझं वाईट दिसेल. त्याची अब्रू जाईल न जाईल, दुकानाची नक्की जाईल.

५ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी ४

झालं. चारही प्रतींतून पान ८९ ते ९७ काढून घेतली आणि मग शिवल्या. तीस वर्षांत एक पान कमी असलेलं पुस्तक माझ्या दुकानातून गेलं नव्हतं. शिवण मात्र सरळ आली. अनुक्रमणिकेत प्रकरण पाच आहे. आत ८८ नंतर थेट ९८. आंधळ्यालाही दिसेल.

आता हे पुस्तक उघडतील आणि बॉम्ब फुटेल. माझं भाषण तयार आहे. प्राध्यापक धावत येईल, विचारेल, प्रकरण पाच कुठे आहे? मी शांतपणे म्हणणार, ते प्रकरण म्हणजे मी आहे. मी माझ्या घरी आलो.

आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. 'माझ्या घरी' ला आवाज जरा भरून येतो, तो सांभाळायचा.

७ सप्टेंबर, रविवार

प्रती दिल्या. समितीची त्याने बाजूला ठेवली. निळ्या कापडावरून हात फिरवून तिघांनी वाहवा केली. डॉक्टरने पुस्तकाचा वास घेतला. वकिलाने वजन हातावर तोललं. पहिल्या पानापुढे कुणी गेलं नाही. माझ्यासाठी पाचवी प्रत नव्हती, हे आता लिहायचीही गरज नाही.

म्हटलं, घरी जाऊन उघडतील.

९ सप्टेंबर, मंगळवार

फोन नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

फोन आला. शिंप्याचा होता. मी दुकानाबाहेर ठेवलेली रद्दी त्याच्या पायरीवर आलीय म्हणे. लगेच जाऊन उचलली. तेव्हाच त्याची माफी मागून टाकली. त्याने विचारलं, नक्की कशाबद्दल? म्हटलं, तू क्ष नाहीस, याबद्दल. त्याने चहा मागवला. तो मला वेडाच समजतोय, पण तोंडावर समजतोय, तेवढं बरं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

फोन नाही. माझं भाषण आता पूर्ण पाठ झालंय. हिलाही पाठ झालंय.

१४ सप्टेंबर, रविवार. रात्री ९

जेवण बाजूला ठेवून आधी हे लिहितोय.

आज ग्रंथावर चर्चा! मी खुर्चीच्या कडेला बसून वाट बघत होतो. डॉक्टर म्हणाला, एका बैठकीत संपवला, खाली ठेववेना. वकील म्हणाला, संपूर्ण ग्रंथाचा प्राण म्हणजे प्रकरण पाच. माझ्याकडे चोरून बघितलं आणि पुढे म्हणाला, त्यातलं सूक्ष्म निरीक्षण पुस्तक मिटलं तरी मनातून जात नाही. डॉक्टरने जोरजोरात मान डोलावली. पुस्तकरूपात ते आणखीच खुलतं, असंही म्हणाला.

जे पुस्तकात नाही ते! त्यांनी उघडलंच नाही. तिघांतल्या एकानेही नाही. प्राध्यापक लाजून खाली बघत होता.

मी तीस वर्षं या लोकांसमोर जीभ सांभाळत बसलो. आणि हे तर पहिलं आणि शेवटचं पानही बघत नाहीत!

भाषण आलं होतं ओठांवर. म्हणायचं होतं की बाबांनो, पान ८९ उघडा. पण वकिलाने विचारलं, पुठ्ठ्या, तुला काय वाटतं? आणि मी म्हणालो, शिवण चांगली आलीय.

१५ सप्टेंबर, सोमवार

हिला सांगितलं. म्हटलं, आता बोल, मूर्ख कोण? ही हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, मग तुम्हाला काल रात्री झोप का लागली नाही?

विजयाने लागली नाही, असं सांगितलं.

२१ सप्टेंबर, रविवार

प्राध्यापक विभागप्रमुख झाला. समितीचं पत्र त्याने गॅलरीत उभं राहून वाचून दाखवलं. 'सलग आणि सुसंबद्ध मांडणीचा ग्रंथ. यातील एकही पान वगळता येणार नाही.'

नऊ वगळली होती.

मग त्याने आभार मानले. डॉक्टरचे, वकिलाचे, बायकोचे, टायपिंग करणाऱ्या बाईंचे, गॅलरीतल्या हवेचेसुद्धा मानले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आपलं नाव राहून गेलं की काय म्हणून मी थोडा वेळ उभाच होतो, मग बसलो.

२३ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी

दुकानात कुणी नाही. ती नऊ पानं खणातून काढून पुन्हा वाचली.

गंमत म्हणून लिहून ठेवतो. हजारभर पुस्तकं बांधली. त्यांत मुंग्या आहेत, दमा आहे, बुडीत बँका आहेत. मी एकाच पुस्तकात होतो. त्यातून मला काढलं, मीच काढलं, आणि कुणाला कमी वाटलं नाही. डॉक्टरला नाही, वकिलाला नाही. लिहिणाऱ्याला नाही. समितीला तर मी नसल्यामुळे पुस्तक सलग वाटलं.

मला वाटलं होतं, ते माझ्याशी वाईट वागले, म्हणजे निदान मी त्यांच्या मनात आहे. तेवढाही नव्हतो. हे जास्त लागलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

शिवण सैल राहिल्याची थाप मारून तीन प्रती परत मागवल्या. समितीची गेली ती गेली, तिथे मला ओळखतं कोण? बाकीच्यांनी लगेच दिल्या. कुणी क्षणभरही हातात धरून ठेवली नाही. डॉक्टरची प्रत ब्लडप्रेशरच्या मशीनखाली होती, मशीन आता बरोबर उंचीवर येतं म्हणाला. वकिलाच्या प्रतीवर कपाचे दोन गोल. प्राध्यापकाची, म्हणजे लिहिणाऱ्याची स्वतःची, अजून मी बांधून दिलेल्या खाकी कागदात होती. सुतळीची गाठही माझीच.

२७ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळी ६

तिन्ही पुठ्ठे उकलले, शिवण सोडली, ८९ ते ९७ आत घातली, पुन्हा शिवली. सगळ्यात अवघड काम आहे हे, बांधलेलं उकलून बांधणं. नवं पुस्तक तासात होतं, याला अख्खा दिवस गेला. वकिलाच्या प्रतीवरचे कपाचे गोलही पुसले. मग तिन्ही प्रती शिकंज्याच्या फळ्यांत दाबून ठेवल्या.

ही दुकानात डबा घेऊन आली होती. बघत उभी राहिली. तिने विचारलं, आपल्याच हाताने? मी म्हटलं, मूर्ख म्हणून का होईना, आहे तर खरा. हिने सुईत दोरा ओवून दिला, मला हल्ली दिसत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार. रात्री ९

प्रती दिल्या. डॉक्टर म्हणाला, आधीचीच बरी होती, ही अर्धं सूत जाड झाली, मशीन हलेल. वकिलाने न बघता पिशवीत टाकली. प्राध्यापकाने मला गॅलरीच्या कोपऱ्यात नेलं आणि हळूच विचारलं, एवढं उकलून बांधलंस, आतलं काही वाचलं तर नाहीस ना?

हीच वेळ होती. भाषण अजून पाठ आहे. त्याच्या डोळ्यांत बघितलं. घाबरला होता, खरोखर घाबरला होता. एवढा मोठा विभागप्रमुख, आणि मी काय उत्तर देतो याकडे त्याचे प्राण लागले होते. आयुष्यात पहिल्यांदा तो माझं बोलणं नीट ऐकत होता.

मी म्हणालो, छे रे, मी कुठे वाचतो.

त्याचा चेहरा उजळला. त्याने मला मिठी मारली. म्हणाला, पुढच्या रविवारी पाचला ये हं, उशीर करू नकोस, तुझ्याशिवाय मजा येत नाही.

हे त्याने पान ९६ वर लिहिलेलं आहे. का मजा येत नाही तेही लिहिलेलं आहे, आणि ते पान मी कालच तीन वेळा माझ्या हाताने शिवलं आहे. तरी त्याच्या तोंडून ऐकताना मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटत होती. हिने विचारलं, काय म्हणाले? सांगितलं, बोलावलंय.